शिमग्याला परतलेली जाऊ

मी जव्हारला घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. जवळच्या साखरशेत गावातल्या बायकांच्या नाचणी बियाणे गटासाठी एआयकडून अ‍ॅप करून घेतलं आणि कोड न वाचताच दाखवायला नेलं, याची अजून लाज वाटते. गटाच्या वहीवरून बी-वाटपाची यादी भरताना, तीन महिने बैठकीला न आलेल्यांची नावं अ‍ॅपने आपोआप काढून टाकली होती.

“दादा, माझी जाऊ कुठंय?” गटाच्या ताई म्हणाल्या. “ठाण्याला कामाला गेलीय, मेली नाही. तिच्या वाट्याचं बी कुणाला देऊ?”

सगळ्या हसल्या. मी तिथेच बसून एआयला गावाची रीत सांगितली: दिवाळीनंतर माणसं जातात, शिमग्याला येतात. त्याने नावं काढण्याचा नियम हटवला, मग मी कोड ओळ न् ओळ वाचला.

शिमग्याला जाऊ आली. अ‍ॅपमध्ये आपलं नाव आणि वाट्याचं बी जागेवर पाहून ताईंना म्हणाली, “तू विसरली असतीस, हा मोबाईल नाही विसरला.”