घर सेटल होतंय

माझ्या माहेरच्या वस्तीत 'सेटल' हा मराठीच शब्द होता. अमक्याचा पोरगा सेटल झाला, तमकीची मुलगी अजून व्हायचीय. नोकरी, लग्न, पत्रा जाऊन स्लॅब, यातलं काहीही झालं की माणूस सेटल. अकरावीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. पहिली चाळीसेक पानं गेलेली होती, पण एस शाबूत होता. तिथे हा आमचा शब्द भेटला. पुढे अर्धा रकाना भरून अर्थ: स्थायिक होणे, निकालात काढणे, तडजोड करणे, निवळणे, गाळ तळाशी बसणे, खचणे. शेवटच्या अर्थाजवळ मी थांबले नाही. परीक्षेला तो येणार नव्हता.

आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी. हे मी मिरवते आणि का मिरवू नये? अण्णा गवंडी. हडपसरच्या किती सोसायट्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत हे त्यांनाही सांगता येणार नाही. आकडे येतात, सही येते, वाचन फारसं नाही. मी बी.एस्सी. केलं, मग कॉम्प्युटरचं शिक्षण, मग नोकरी, मग ऑकलंड. आणि सात वर्षांनी इथे स्वतःचं घर.

घर अवोन्डेल या उपनगराच्या पुढे, पश्चिमेकडे जिथे टेकड्या सुरू होतात तिथे. रस्त्यावरून पाहिलं तर एकमजली, मागून पाहिलं तर दुमजली, कारण जमीन मागे उतरत जाते. खालच्या मजल्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतींची एकच खोली. ती मुलीने पहिल्याच दिवशी बळकावली. नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. 'दिस इज माय रूम, नोबडी एल्स्'स.'

इथे किल्ल्या हातात मिळतात त्या दिवसाला सेटलमेंट डे म्हणतात. त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन करून अण्णांना म्हटलं, "झाले बघा सेटल." मला ते वाक्य बोलायला मिळावं म्हणूनच जणू घर घेतलं होतं.

घेण्याआधी तपासणी झाली होती. शॉर्ट्स घातलेला एक उंच माणूस टॉर्च घेऊन तासभर फिरला. मुलीच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरकी जाणारी एक बारीक भेग होती. ती मीच त्याला दाखवली. तो हसला. "ऑल हाउसेस सेटल. शी'ल बी राइट." म्हणजे, काही होत नाही. छापील रिपोर्टातही तेच होतं: जुनं सेटलमेंट, चिंतेचं कारण नाही. इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी. मी तो कागद फाइलला लावला आणि भेग विसरले.

एप्रिलमध्ये अण्णा तीन महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांची बॅग उघडली गेली, कारण आत पितळेचा ओळंबा होता, दोरी आणि लाकडी चकतीसकट. अधिकारी बाईंनी तो हातात घेऊन वळवून पाहिला. मी समजावलं, भिंत सरळ आहे का बघायचं वजन आहे, वडील गवंडी आहेत. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हे कशाला आणलंत?"

"तुझं घर बघायला आलो ना. मग काय रिकाम्या हातानं बघू?"

घर त्यांना आवडलं. लाकडी भिंतींवर बोटं वाजवून हसले, "खोकंच हाय की गं." मग खाली मुलीच्या खोलीत गेले आणि भेगेसमोर उभे राहिले. चहा झाला म्हणून मी दोनदा हाक मारली. वर आले नाहीत.

"ही कधीपासून?"

"घेतलं तेव्हापासून आहे. घर सेटल होतंय, अण्णा. तपासणीवाल्या माणसाने रिपोर्ट दिलाय."

"तो किती दिवस राह्यला हितं?"

"राहायचं कशाला? तासाभराचं काम असतं."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या जुन्या फोटोफ्रेमची काच काढून अण्णांनी तिची बोटभर रुंद पट्टी कापली. भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि बाजूच्या भिंतीवर खिळ्याने तारीख कोरली. नातीने विचारलं, "व्हॉट्स दॅट फॉर, आजोबा?"

"ही काच लवत न्हाई, बाळा. भिंत हलली की तुटती. आपण माणसं लबाडी करू, काच न्हाई करत." मग माझ्याकडे बघून, "पोरीची खाट वर घे तोवर."

मी घेतली नाही. वर जागा नव्हती हे एक. दुसरं कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. ज्यांनी मला शिकवलं त्यांनी माझ्या शिकण्यापेक्षा जास्त काही सांगावं, हे मला त्या वेळी पचलं नाही.

मी माझ्या पद्धतीने त्या गोष्टीचा निकाल लावायला गेले. ऑफिसजवळच्या वाचनालयात, जेवणाच्या सुट्टीत, मोठा शब्दकोश काढून बसले. सेटल हे क्रियापद बसायच्या जागेवरून आलेलं. जुन्या इंग्रजीत 'सेत्ल' म्हणजे आसन, आणि त्यावरून आसनावर बसवणं, जागी ठेवणं. भांडण मिटवणं हा अर्थ पुढे आला, त्यात समेट करणे अशा अर्थाचं एक दुसरंच जुनं क्रियापद मिसळून गेलेलं. आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला धातू आपल्याकडच्या 'सद्'चा सख्खा भाऊ. सदन त्यातूनच. संसदही. प्रसाद म्हणजे आधी पाणी निवळून स्वच्छ होणं. मी भराभर उतरवून घेत होते. त्याच ओळीत विषाद होता, अवसाद होता. सद् म्हणजे बसणे आणि सद् म्हणजे खचणे, दोन्ही पहिल्यापासून एकत्र. तेही मी उतरवलं, आणि पुन्हा तिथे थांबले नाही.

माझ्या टीममध्ये एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, सहकारी आहे. मी उत्साहाने त्याला सांगितलं, सेटलर म्हणजे मुळात बसलेला माणूस. तो म्हणाला, "येस. नाऊ आस्क हू वॉज सिटिंग देअर." आणि हसत हसत कॉफी आणायला गेला. जमिनीला आपल्याआधीची गोष्ट असते आणि ती घर घेताना कुणी वाचून दाखवत नाही.

जेवताना मी अण्णांना सांगितलं, "तुमचं सदन आणि यांचं सेटल एकाच घरातले शब्द आहेत. घर बसतंच, अण्णा. बसण्यासाठीच असतं."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बसतंय की. नवं घर एकदा बसतं, पाव्हणा बसतो तसं. बूड टेकलं की गप. पर जो पाव्हणा सारखा उठतोय, सारखा बसतोय, त्याचा जीव ऱ्हायचा नसतो. जायाचा असतो." मग जरा थांबून, "तुझ्या पुस्तकात ते लिवलंय का?"

नवरा हसला. मीही हसले. मुलगी म्हणाली, "कॅन आय हॅव मोअर तूप?"

जूनमध्ये पाऊस लागला. इथला हिवाळ्यातला पाऊस मोठा नसतो, पण हटत नाही. मागच्या अंगणात बूट रुतायला लागले. त्याच महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जणांना जेवायला बोलावलं होतं, सगळी पुण्या-मुंबईकडची मंडळी, कुणी आयटीतलं, कुणी इंजिनियर. नवं घर दाखवायचं राहिलं होतं. त्या सकाळी नवरा, मुलगी आणि अण्णा अवोन्डेलच्या बाजारात भाजी आणायला गेले, आणि मी घर आवरता आवरता मुलीच्या खोलीत आले.

ती काच, ते प्लास्टरचे दोन लपके, भिंतीवर खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी तारीख. लोक विचारतील हे काय, आणि मला सांगावं लागेल की माझे वडील, गवंडी. एरवी मी ते छातीठोक सांगते. त्या दिवशी, या भिंतीपाशी, नको वाटलं.

मी पत्र्याची पट्टी घेऊन काच खरवडायला वाकले, आणि माझा हात लागायच्या आधी मला दिसलं. काचेला उभी चीर होती. केसाएवढी, भेगेच्या बरोबर वर.

मी काच काढली. प्लास्टर खरवडलं. भेगेत फिलर भरला, तारखेवर आणि भेगेवर उरलेला रंग दिला, खिडकी उघडी ठेवली. सगळं वीस-पंचवीस मिनिटांत. काचेचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिले. काढताना तुटली, असं मी मनाशी म्हटलं. पण मला माहीत होतं.

मंडळी आली. घर पाहिलं. खालच्या खोलीतून दिसणाऱ्या झाडांचं कौतुक झालं. वयाने मोठ्या एक काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "छान गं. आता तुम्ही अगदी सेटल झालात." अण्णा दारात उभे होते. त्यांची नजर ओल्या रंगावर होती. सगळे गेल्यावर, मी भांडी लावत असताना, त्यांनी एकच विचारलं.

"काच साबूत हुती का?"

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक." आणि ते खुर्चीत बसले. आल्या दिवसापासून त्यांच्या खांद्यांत जो एक ताण होता तो सुटलेला मला दिसला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझी मुलगी खाली तिच्या खोलीत गाणं म्हणत होती.

पुढे नऊ दिवस मी रोज सकाळी ती भिंत बघायचे. रंग कोरा होता. कोऱ्या रंगाकडे बघून बरं वाटायला हवं होतं. मी मुलीला म्हणायचे, आज वर आमच्याजवळ झोप की. ती म्हणायची, "मम, यू आर बीइंग वीअर्ड." अण्णांच्या परतीच्या तिकिटाला दोन आठवडे उरले होते. ते गेले की विचारणारं कुणी उरणार नाही, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो विचार आला म्हणूनच मी स्वतःला घाबरले.

दहाव्या दिवशी, तीन दिवसांच्या सलग पावसानंतर, मुलगी शाळेला निघताना खालून ओरडली, "मम! माय डोअर वोन्ट शट!"

मी खाली गेले. दार चौकटीला वर घासत होतं. जोर लावला तर लाकूड चिरकलं. भिंतीवर माझा रंग तसाच कोरा होता, फक्त त्याच्या एक वीत पलीकडे नवी भेग होती, आणि तिच्यातून गार हवा येत होती.

अण्णा जिन्यात उभे होते. मी वळून त्यांना म्हटलं, "काच तुटलेली होती, अण्णा. मी बघितली होती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बाजूने आत गेले, नातीची गादी उशीसकट गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि जिना चढताना म्हणाले, "तिची पुस्तकं घे. मग बाकीचं. पाय वाजवू नको."

दुपारपर्यंत आम्ही चौघं बाहेर होतो. कौन्सिलचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. मागच्या अंगणात गवताखाली, हात जाईल एवढी जमीन फाटली होती. त्याने दारावर लाल कागद लावला: आत जाण्यास मनाई. त्याच्याशी मी रिपोर्टाबद्दल बोलले नाही. तो म्हणाला, उतार सरकतोय, कधी जाईल सांगता येत नाही, कदाचित जाणारही नाही.

तो कागद लागायच्या आधी अण्णांनी एक काम करून घेतलं होतं. मागच्या कोपऱ्यात, छपराच्या कडेला खिळा ठोकून त्यांनी ओळंबा सोडला, शेंडा जमिनीच्या वर वीतभर आणि पितळ भिंतीला जेमतेम टेकलेलं. पुण्याला जाताना तो तसाच ठेवून गेले.

आता आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, सपाट जमिनीवर. मुलगी आमच्याजवळ झोपते आणि कुरकुर करते. दर रविवारी सकाळी मी जुन्या घराशेजारच्या बाईंच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहते. त्या ओळखतात, केटल लावायला आत जातात. घर अगदी पूर्वीसारखं दिसतं. खिडकीत मुलीचा कागदी पक्षी अजून लटकतोय. वारा पडेपर्यंत मी थांबते, मग ओळंबा स्थिर होतो. तो सरळच असतो. भिंत त्याच्यापासून लांब गेलेली असते.

मग पुण्याहून फोन येतो. अण्णा नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"किती?"

पहिल्या रविवारी अर्धं बोट होतं. मग एक. मग महिनाभर दीडच, आणि मला वाटलं, बसलं असेल आता. मी तसं म्हटलं नाही. मला जे दिसतं तेवढंच त्यांना सांगायचं असतं.

आज ऊन आहे. शेजारणीच्या केटलचा आवाज येतोय. मी कुंपणावर हात टेकून एक डोळा मिटून बघते, पुन्हा बघते.

"तीन बोटं, अण्णा."

मग ते विचारतात, "पोरगी कुठंय?"

"घरी. तिच्या बाबांजवळ."

"शेजारच्या बाईला सांग. उतार तिचाबी तोच हाय. आजच सांग."

मी फोन ठेवते आणि शेजारणीच्या दारावर टकटक करते.