कोंडवाड्यातलं तारण

घ्या, आधी चहा घ्या, मग पोटभर हसा. कारण आज मी जे सांगून राहिले ना, ते मी माहेरच्या माणसांनाबी अजून धड सांगितलेलं न्हाई. आपल्या हिंगोली जिल्ह्यात लेकरांना देवाचं शिकवणाऱ्या बाया असतील चार-दोन. पण शिकवता शिकवता भर चौकात स्वतःच नापास झालेली बाई एकच, आणि ती ही तुमच्यापुढं बसली हाय. मार्था नाव माझं.

आमचं गाव कळमनुरीहून आत, फाट्यावर उतरून अर्धा तास पायी. गावात ख्रिस्ती घरं मोजून पाच. रविवारची उपासना आमच्याच वसरीत होते. ती संपली की मोठी माणसं घरी जातात आणि नऊ लेकरं माझ्या हवाली होतात. बाकी सहा दिवस मी शाळेत खिचडी शिजवते. लेकरांच्या पोटाचंबी तुझ्याकडं आणि आत्म्याचंबी तुझ्याकडंच, असं म्हणून आमचे हे मला चिडवतात.

तर एका रविवारी मी शिकवून राहिले होते, तारण. "प्रभू येशूनं आपल्यासाठी काय केलं?"

नऊच्या नऊ लेकरं एका सुरात, "आपल्याला सोडवलं!"

मी खूश. पुढं जाणार तेवढ्यात एस्तेर उठली. आठ वर्षांची पोरगी, पण प्रश्न असे विचारती की मोठ्याला घाम फुटावा. म्हणली, "बाई, आपण कुठं अडकलो होतो?"

"पापाच्या बंधनात."

"मला तर कुणी बांधलेलं न्हाई. मी सकाळधरनं इथंच बसले."

आता घ्या! मी "मोठी झालीस की कळंल" असं म्हणून वेळ मारून नेली. पण मनाला लागलं हो. ही लेकरं पोपटावानी बोलतात आणि मी टाळ्या वाजवते. कुणी सोडवलं हे पाठ हाय, पण सुटका म्हणजे काय हे एकालाबी म्हाईत न्हाई. त्या पोरीला जर मी उत्तर देऊ शकत न्हाई, तर मग इतकी वर्षं मी काय शिकवून राहिले? आठवडाभर खिचडी ढवळताना डोक्यात तेच.

आणि गुरुवारी, फोडणी करपता करपता, मला सुचलं. कोंडवाडा!

तुमच्याकडं बंद पडले असतील. आमच्याकडं अजून चालू हाय. पंचायतीच्या मागं चार भिंती आणि एक पत्र्याचं फाटक. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात घुसलं की त्याला धरून आत कोंडतात. मालकानं यायचं, चारचौघांत म्हणायचं की जनावर माझं हाय, चूक माझी हाय. ज्याचं पीक खाल्लं त्याच्या शिव्या मुकाट ऐकायच्या, दंड भरायचा आणि मग जनावर घेऊन जायचं. जनावर स्वतःहून बाहेर येऊ शकत न्हाई. कितीबी ओरडलं तरी न्हाई.

सांगा बरं, यापेक्षा चांगलं तारण कुठं शिकायला मिळंल? आपण म्हणजे जनावर, पाप म्हणजे कोंडवाडा. आणि एक जण येतो आणि म्हणतो, हे माझं हाय, ह्याच्या वाट्याच्या शिव्या मी खातो. मी ठरवून टाकलं. रविवारी लेकरांना कोंडवाड्यावर न्यायचं, आपली राणी शेळी आत ठेवायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सोडवून आणायची.

कोंडवाडा सांभाळतो तो पंचायतीचा शिपाई किसन. त्याला जाऊन म्हणलं, "किसनभाऊ, माझी शेळी एक रात्र ठेवून घे."

"तिनं काय खाल्लं?"

"काहीच न्हाई."

"मग कशी घेऊ मावशी? बिनगुन्ह्याचं जनावर कोंडता येत न्हाई. नियम हाय."

म्हणजे बघा, धडा शिकवायचा तर आधी पाप पाहिजे! मग मी माझ्या दिराला गाठलं. गावालगत त्याची तूर उभी होती, फुलावर आलेली. म्हणलं, शनिवारी मी राणीला तुमच्या तुरीत सोडते. दोन झाडं खाऊ द्या, मग तिला धरून किसनच्या हवाली करा. दीर म्हणला, "वहिनी, डोकं ठिकाणावर हाय ना?" पण बिचारा तयार झाला.

शनिवारी दुपारी आमाला वसमतला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मुक्काम तिथंच, आणि सकाळच्या यष्टीनं थेट उपासनेला हजर व्हायचं. जाताना राणीला बांधावर नेऊन सोडलं. तिचं करडू अंगणात बांधून ठेवलं, म्हणजे ती लांब जाणार न्हाई. केवढा हुशार विचार, न्हाई का?

रविवारी उपासना झाली. शेळी कोंडवाड्यातच असणार, मग अंगणात नजर टाकायचीबी गरज मला वाटली न्हाई. नऊ लेकरं ओळीनं मागं घेतली आणि निघाले. रस्ताभर माझं प्रवचन चालू. "बघा रे, ती आत असंल. भुकेली, घाबरलेली. तिला वाटत असंल, आपलं कुणी न्हाई. आणि मग कोण येणार?"

"बाई येणार!"

"आणि तिनं सोडवणाऱ्याला परत काय द्यायचं?"

"काहीच न्हाई! तिला देताच येत न्हाई!"

"मग तिनं काय करायचं?"

"मुकाट मागं यायचं!"

गावातल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. मला तर लई भारी वाटून राहिलं होतं. फाटकापाशी आलो. मी लेकरांना अर्धगोलात उभं केलं, पदर सावरला आणि म्हणलं, "किसनभाऊ, उघड!"

किसननं उघडलं. आत एक म्हातारा रेडा बसला होता. राणीचा पत्ता न्हाई.

"माझी शेळी?"

"नेली की. कालच संध्याकाळी."

"कुणी?"

"गंगाबाईनं. म्हणली शेळी माझी हाय, नियमाला तेवढं पुरतं, आणि घेऊन गेली."

आता इथं तुमाला एक गोष्ट सांगावी लागती. गंगाबाई म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. आणि आमचं दोन वर्षांपासून बोलणं बंद. काहून? तर तिनं उन्हाळ्यात बाजंवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि त्या एका दुपारी कुणीतरी फस्त केल्या. ती म्हणली तुमची शेळी. मी म्हणलं माझी शेळी दावणीला बांधलेली होती. आणि वरून म्हणलं, तुमच्याच पोरांनी खाल्ल्या असतील. बस्स, तेव्हापासून ती पाण्याला आली की मी माघारी फिरायची.

त्यामुळं किसनचं बोलणं ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, दोन वर्षं दबा धरून बसली होती बाई! कुरड्यांचा बदला म्हणून अख्खी शेळी लांबवली!

"चोरी!" मी ओरडले. "भर गावात शेळी चोरली!"

किसन म्हणत होता, "मावशी, आधी ऐकून तर घ्या." कोण ऐकतंय? मी पुढं, माझ्यामागं नऊ लेकरं, त्यांच्यामागं दारातल्या बाया, आणि सगळ्यात मागं किसन, फाटक तसंच उघडं टाकून. रेडाबी निघाला असंल, म्हाईत न्हाई.

गंगाबाईच्या अंगणात पोचलो तर माझी राणी तिच्या खुंटीला बांधलेली! पुढं हिरवा चारा, पाण्याची बादली. आणि करडू खाली बसून दूध पिऊन राहिलं होतं. माझ्या अंगणातलं करडू!

"बाहेर या गंगाबाई!" मी म्हणलं. "शेळी नेली ती नेली, करडूबी सोडलं न्हाई? दुसऱ्याच्या जनावराला माझं म्हणताना लाज कशी वाटली न्हाई?"

गंगाबाई बाहेर आली. हाताला भाकरीचं पीठ. गर्दी बघून जरा दचकली, पण आवाज चढवला न्हाई.

"काल दिवस मावळताना तुमचं करडू ओरडून राहिलं होतं," ती म्हणली. "थांबंच ना. भिंतीवरून बघितलं तर तुमच्या दाराला कुलूप. शेळी कुठं दिसंना. हुडकत गेले तर कोंडवाड्यात. तुमचा दीर बांधावर झोपला होता म्हणे, आणि ही पलीकडं देवरावच्या तुरीत घुसली. देवराव फाटकापाशी उभा राहून बोंबलत होता, मालक आत्ता आला न्हाई तर उद्या खाटकाला देतो म्हणून. किसन म्हणला, मालक समोर पाहिजे, त्याशिवाय सोडता येत न्हाई."

"मग?"

"मग काय? म्हणलं, माझी हाय. काय बोलायचं ते मला बोल."

"आणि तो बोलला?"

"बोलला की. सगळ्या पंचायतीपुढं बोलला." तिनं हात पदराला पुसला. "ऐकून घेतलं. त्या करडाला दूध पाहिजे होतं ना."

देवरावाचं तोंड तुमाला म्हाईत न्हाई. त्याच्या शिव्या ऐकून गडीमाणसं काम सोडून जातात. आणि ही बाई, जिला मी दोन वर्षं खोटं पाडलं, ती माझ्या शेळीसाठी तिथं मान खाली घालून उभी राहिली. आणि मी नऊ लेकरं घेऊन तिच्या दारात तिला चोर म्हणायला आले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण तुमाला वाटत असंल, मी लगेच पाया पडले? छे! माझा स्वभाव तसा असता तर अजून काय पाहिजे होतं? मी कनवटीतून नोट काढली आणि तिच्यापुढं धरली.

"घ्या. दंड भरला असंल तुमी."

"राहू द्या."

"न्हाई, घ्याच! मी कुणाचे उपकार ठेवून घेत न्हाई."

मी नोट तिच्या हातात कोंबायची, ती हात मागं घ्यायची. मी उजव्या बाजूनं, ती डाव्या बाजूनं. पीठ माझ्या लुगड्याला लागलं. तेवढ्यात मागून एस्तेरचा आवाज आला.

"बाई, असं न्हाई करायचं. सोडवणाऱ्याला परत देता येत न्हाई. तुमीच सांगितलं आत्ता."

"ते शेळीचं होतं!" मी म्हणलं.

एस्तेरचा भाऊ दानियल, सहा वर्षांचा. तो हळूच पुढं आला. माझ्याकडं बघितलं, राणीकडं बघितलं. म्हणला, "मग बाई, तुमीच शेळी हाव का?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. किसन तर खाली बसला. मला हसता येईना आणि रागावताबी येईना. माझ्या हातातली नोट तशीच राहिली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी वर्षं मी लेकरांना शिकवलं की देवाची कृपा फुकट मिळती. पण ती घेताना किती अवघड जातं, हे मला म्हाईतच नव्हतं. द्यायला काही उरलेलं नसतं, फक्त खरं तेवढं सांगायचं उरतं.

"गंगाबाई," मी म्हणलं, सगळ्यांपुढं, "तुमच्या कुरड्या माझ्याच राणीनं खाल्ल्या होत्या. मला तवाच म्हाईत होतं. तिच्या दाढीला लागलेल्या मीच पुसल्या."

"मला काय म्हाईत नव्हतं?" ती म्हणली. "मी भिंतीवरून बघितलं की पुसताना."

"आणि तरी तुमी काल गेलात?"

"कुरड्यांचं आपण दोघी बघून घेऊ. करडाचा त्यात काय गुन्हा?" एवढं बोलून ती चुलीकडं वळली, कारण तवा तापला होता. जाता जाता म्हणली, "लेकरांना उन्हात काहून उभं केलं? आत घ्या त्यांना."

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. ती हाय तशी हाय, मी हाय तशी हाय. आपण लई मोठं काही केलं असं तिला आजबी वाटत न्हाई. मी विषय काढला की म्हणती, "पुरे करा आता."

पुढं वसमतहून आमचे पाळकसाहेब आले. लेकरं काय शिकली ते बघायला ते अधूनमधून येतात. नऊ लेकरं पुढं बसली, मी शेजारी उभी, छाती पुढं काढून. म्हणलं, ह्यावेळी पाठांतर न्हाई, समजून उत्तर येईल.

साहेबांनी विचारलं, "बाळांनो, प्रभू आपल्याला सोडवायला आला. मग ज्यांना सोडवायला आला, त्या माणसांनी आधी काय केलं?"

एस्तेर चटकन उठली. माझ्याकडं बोट दाखवून म्हणली, "आधी त्याच्या दारात जाऊन त्यालाच चोर म्हणलं, साहेब."

पाळकसाहेबांनी तिला जवळ बोलावलं. मग म्हणले, "बराबर हाय, बाळ." आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "मार्थाबाई, इतकं चांगलं ह्यांना कुणी शिकवलं?"

मी म्हणलं, "शेजारणीनं."