टाकीखालचं बूच

शिवणकाकूंचं अर्धं आयुष्य शिलाई मशीनच्या पायडलवर गेलं आणि उरलेलं लिफ्टकाकांच्या गाडीत, असं शेजारीपाजारी म्हणत. काकू कपडे शिवत, काका उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत. त्यांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहिली नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. गाडी म्हणजे राहायची गाडी. आत दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग. गॅसची शेगडी, एवढीशी मोरी, दोन नळ आणि गीझर. काकांनी ती जुनी विकत आणली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "सवत आणलीत ती आणलीत, वर तिचे पडदेही मीच शिवायचे?" शिवले मात्र अस्तर लावून.

उन्हाळाभर भटकायचं आणि थंडीच्या तोंडावर गाडी 'झोपवायची'. हा शब्द काकांचा. छपरावर चढून ते जोडांवरचा लेप नखाने उकरून बघत, चिरलेला दिसला की खरवडून नवा भरत. बॅटरी काढून घरात आणत. फ्रिजला वास लागू नये म्हणून दारात फडकं अडकवून ठेवत. उंदीर शिरेल अशा भोकांत काकू तारेची घासणी कोंबत. सगळ्यात शेवटी पाणी. थंडी अशी कडाक्याची पडे, की आत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होऊन नळ्या फुटायच्या.

हे काम दोघांचं. काका जुनी चटई टाकून गाडीखाली आडवे होत आणि टाकीचं बूच काढत. काकू आत एकेक नळ उघडत.

"सोडला!" काकू ओरडत.

"आलं!" खालून काका.

टाकी रिकामी होताना नळ हवा ओढत घोरायला लागे. मग खालून "कोरडं!" अशी आरोळी आली की काकू चहा टाकायला मोकळ्या. वाकून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. काकांनी कोरडं म्हटलं म्हणजे कोरडं.

अलीकडे काकांचं जरा इकडचं तिकडे व्हायला लागलं होतं. दुकानातून तीच वस्तू परत आणत. समोरच्या शेजाऱ्याला त्याच्या मेलेल्या कुत्र्याची खुशाली विचारत. मुलगी दुसऱ्या शहरात नर्स. तिच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"आई, ती गाडी विकून टाका. आत गॅस आहे. काही झालं म्हणजे?"

"अगं, बाकी कशात चुकतील, गाडीत नाही चुकत. ती काढून घेतलीस तर दिवसभर करतील काय? माझ्या तोंडाकडे बघत बसतील?"

शेवटी मायलेकींचं ठरलं: गाडीच्या कामात काही चुकलं, की त्या दिवशी गाडी विकायची. काकूंनी बेधडक हो म्हटलं.

थंडी सरली. काका बॅटरी आणायला घरात गेले आणि काकूंनी गाडीचं दार उघडलं. कुबट वास आला. पाय टाकला तर जमीन मऊ लागली, दबली. बाकाखालची फळी फुगून वर आली होती, आणि गीझर शिवण उसवावी तसा उभा उसवला होता. काकू तशाच बाहेर आल्या, गुडघे टेकले, मग सरळ आडव्या होऊन खाली सरकल्या. बूच जागच्या जागी होतं. घट्ट. त्यावर गेल्या उन्हाळ्यातल्या वाटांचा चिखल वाळून बसला होता.

गाडी झोपवली त्या दिवशी नळ घोरले नव्हते. आता आठवलं. आपण "सोडला" म्हटलं, खालून "आलं" आलं, मग "कोरडं"ही, नेहमीच्याच ठेक्यात, आणि आपण त्या आवाजावर विसंबून चहा टाकायला गेलो.

काकांची पावलं वाजली. काकूंनी तळहाताने बुचावरचा चिखल पुसून काढला.

"काय गं, खाली काय करतेस?"

काकांनी आत डोकावलं. बॅटरी हातातच राहिली. तोंड एकदम गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखं झालं. "मी… मी काढलं होतं ना गं बूच?"

"काढलं होतंत हो," काकू बाहेर सरकत म्हणाल्या. "मीच परत लावलं. पडदे इथेच धुवून टाकावे म्हटलं, म्हणून टाकी भरली. मग राहूनच गेलं."

"पडदे?" काका कडाडले. "घरात पाणी नाही? सगळं आवरून ठेवलेलं, त्यात परत टाकी भरतं का कुणी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

किती दिवसांनी ते असे सलग बोलले होते, एका शब्दालाही न अडखळता. काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. बोला, अजून बोला.

"अहो, पोरीला नका सांगू हं."

त्यावर काकांचा आवाज खाली आला.

"असं याआधी झालंय तुला?"

"कधीकधी," काकू म्हणाल्या. एकदा सुरुवात केल्यावर मागे कसं फिरणार?

"आणि मला सांगितलं नाहीस?" काकांनी बॅटरी खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच मुलीला लावला. "ऐक. तुझ्या आईच्या हल्ली लक्षात राहत नाही… नाही, तिला बोलू नकोस काही. गाडी विकून टाकू आपण. उद्या मी छपरावर असायचो आणि ही आत गॅस विसरायची. गाडीचं काय एवढं? घे, आईशी बोल."

काकूंनी फोन कानाला लावला.

"आई? खरं काय झालं?"

काका समोरच उभे होते, चेहऱ्यावर एवढी काळजी, की काकूंना बघवेना.

"खरंच गं. होतं माझं असं आजकाल."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "आई, तू पण?"

फोन काकांनीच हातातून घेऊन बंद केला. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि घराकडे वळवलं.

"चल. जपून. इथे पायरी आहे."

त्या पायरीवरून काकू कडेवर पोर आणि हातात बादली घेऊन धावल्या होत्या. त्या थांबल्या, खाली बघितलं, आणि काकांनी धरलं होतं तसंच धरू देत वर चढल्या.