लातूरची लाटफळी

गोव्याहून माणसं काजू आणतात. नरसिंग आला तो काचेच्या धाग्यांच्या कापडाची एक गुंडाळी, रेझीनचा डबा आणि हार्डनरची बाटली घेऊन. निलंग्याच्या स्टँडवर कंडक्टरनं डबा हुंगला आणि म्हणाला, "आधी हे उतरवा, माणसं मग." तीन वर्षं नरसिंग तिकडं होड्यांच्या कारखान्यात होता. होड्या तर करायचाच; पण परदेशी लोक ज्यांवर उभं राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत येतात, त्या लांबट फळ्यांवर कापड चढवायचं काम खास त्याच्याकडं. असल्या हुन्नराचं निलंग्यात काय करणार, हे त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की दीड तास सांगायचा.

तसा तो राहायला आला नव्हता. राहायचं की नाही ते ठरवायला आला होता. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं, कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या होत्या आणि कारखाना काढणाऱ्यांना गाळे वाटायचं चाललं होतं. नरसिंगनं अर्ज ठोकला. गाळे वाटणारे साहेब म्हणाले, "सोमवारी निलंग्याला येतोय. नमुना दाखवा. पण इथल्या माणसाच्या कामाची वस्तू पाहिजे, काय?" गाळा मिळाला तर घरी, नाही तर मंगळवारच्या गाडीनं परत गोवा.

त्याची बायको चांगुणा तीन वर्षं एकटीच घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. तिनं सांगून टाकलं, "ह्या बारीला गेलात तर म्या रडणार न्हाई, पण तुम्हाला वाटं लावायला दारात बी येणार न्हाई." बोलली तसं करणारी बाई ती.

"मग नमुन्याला टाकी करा की," ती पुढं म्हणाली. "ह्या दुष्काळात कुणाला नको हाय टाकी?"

बरोबरच होतं तिचं. पण टाकीला साचा लागतो, आणि साच्याला महिना जातो. फळीला साचा नको. आत हलकं काहीतरी घ्यायचं, घासून आकार द्यायचा, वरून कापड आणि ते घट्ट बसवणारं रेझीन. "साहेब हाताचं कसब बघंल," नरसिंग म्हणाला. "वस्तू काय, कोणची बी असंना." हुशार माणसाला असंच काहीतरी सुचतं बघा!

गुरुवारी त्यानं टीव्हीच्या दुकानातून थर्माकोल मागून आणला, चिकटवला, घासला. पांढरीशुभ्र फळी झाली. त्यावर रेझीन ओतलं आणि थर्माकोल कढईतल्या गुळासारखा विरघळून खाली बसला. गोव्यात आतला फोमचा ठोकळा तयार यायचा. तो कशाचा असतो हे या शहाण्यानं तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

शेजारच्या कोंडामावशी कुंपणावरून वाकल्या. "काय रांधायलास रे नरसिंगा?"

"काही न्हाई मावशी."

"करपलंय पण."

शुक्रवारी त्यानं पांगारा शोधला. विहिरीत पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला बांधतात तेच हे हलकं लाकूड. कोरड्या विहिरीच्या कडेला एक झाड वाळून उभंच होतं. सुताराकडून फळ्या पाडून घेतल्या, जोडल्या, रंधा मारला. पुढचं टोक जरा वर उचललेलं, मागं निमुळतं. शनिवारी भर दुपारी बसला रेझीन कालवायला. ते आळवणाऱ्या हार्डनरचं गोव्याच्या मापानं एक टोपण टाकलं. आता गोव्याचा वारा कुठं आणि निलंग्याचा मे महिना कुठं! डब्यातून धूर निघाला, रेझीन तिथल्या तिथं दगड झालं आणि ब्रश मधोमध खांबासारखा उभा राहिला. उरलं ते कसंबसं एका फळीपुरतं. नरसिंग डोक्याला हात लावून बसला.

रविवारी उजाडता उजाडता, गारव्यात, त्यानं बुद्धविहाराच्या ओट्यावर फळी मांडली. अर्धंच टोपण टाकलं. कापड अंथरलं, सुरकुत्या काढल्या, रेझीन ओतलं आणि सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं मधून कडेला ओढत बुडबुडे काढायला लागला. पांढरं कापड बघता बघता दिसेनासं झालं आणि खालच्या पांगाऱ्याची रेघ न् रेघ वर आली. बघायला जमलेल्या बाया आणखी पुढं सरकल्या. गोव्यात असं कुणी उभं राहून बघितलं नव्हतं त्याचं काम.

आणि नेमकी तेव्हाच वावटळ उठली. ओल्या रेझीनवर धूळ बसली की संपलंच! "आडोसा धरा गं!" चांगुणा ओरडली. सहा-सात बाया पदर पसरून, कुणी धुतलेली लुगडी ताणून फळीभोवती उभ्या राहिल्या.

धुळीनं कोंडामावशींचे डोळे मिटलेले. त्या ओरडल्या, "अरे पण कशाची फळी हाय ही?"

नरसिंगच्या तोंडाला वासामुळं तिपदरी रुमाल. "लाटेची!" तो आतून म्हणाला.

"काय म्हन्तोय गं?"

"लाटायची म्हन्तोय," एकीनं सांगितलं.

"असं व्हय! मग बरीच लांब केलीय."

चांगुणानं नवऱ्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं आणि लुगडं आणखी ताणून धरलं. संध्याकाळी नरसिंगनं फळीच्या पोटाला मागच्या बाजूनं छोटा पंख चिकटवला. पाण्यात फळी सरळ जावी म्हणून असतो तो.

सोमवारी तो साहेबांना आणायला गेला. जीपमध्ये बसून वाटभर मनात भाषण घोकत होता: लाट काय, तोल काय, कसब काय. जीप विहारापाशी थांबली आणि भाषण जीपमध्येच राहिलं.

ओट्यावर त्याची फळी आडवी. हलू नये म्हणून खाली वाळूची दोन पोती. दोन्ही बाजूंना तीन-तीन बाया, प्रत्येकीपुढं उडदाच्या पिठाच्या लाट्या, आणि सहा लाटणी खटाखट चाललेली. पापड कागदासारखे उतरत होते. चांगुणा मधोमध.

"अगं, काय करायलीस—" नरसिंग किंचाळायलाच निघाला होता.

"वा!" साहेब म्हणाले. चप्पल काढून ओट्यावर चढले. "पीठ चिकटत नाही?"

"न्हाई, साहेब," कोंडामावशी म्हणाल्या. "पोळपाटावर दोन पापड व्हतात तवर हिच्यावर चार. पाऊस न्हाई, ऊन कडक, पापडाला ह्याच्यापरीस बरं साल न्हाई बगा."

साहेबांनी वाकून खाली बघितलं. "हे मागचं काय?"

नरसिंग तोंड उघडणार, तोच चांगुणा म्हणाली, "मूठ हाय. धुवून भिंतीला अडकवायला."

"आणि टोक असं वर का?"

"पीठ खाली सांडू नये म्हनून."

साहेबांनी एक लाटी उचलून तोंडात टाकली. "कसला तरी वास येतोय."

"हिंग हाय, साहेब."

साहेबांनी अर्ज काढला, पेन काढलं. "वस्तूचं नाव सांगा."

आता आली का पंचाईत! तीन वर्षांचा समुद्र नरसिंगच्या ओठांवर आला. खरं सांगितलं तर साहेब हसत जीपमध्ये बसणार. खोटं सांगावं तर हुन्नर पापडात जाणार. त्यानं चांगुणाकडं बघितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. खाली मान घालून होती, टँकरच्या रांगेत असायची तशी.

"लाटफळी," तो म्हणाला.

"लातूरची लाटफळी! झकास," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं. "महिन्याला किती काढाल?"

"धा."

"पुढच्या सपाट करा मात्र. ही डुलते."

गाळा मंजूर झाला. मंगळवारची गाडी नरसिंगशिवाय गेली. त्या दुपारी तो घरी आला तेव्हा घरात पोती नव्हती, लाटणी नव्हती. फळी मधल्या खोलीत जमिनीवर नुसती पडलेली, पंख मावावा म्हणून खाली चार इंचांचा खड्डा उकरलेला. आणि तिच्यावर चांगुणा, पदर खोचून, दोन्ही हात पसरून उभी.

"असंच उभं राहत्यात न्हवं तिकडं?"

नरसिंग दारातच थबकला. "तुला ठाऊक व्हतं? लाटायची न्हाई, लाटेची?"

"तीन वर्सं चिठ्ठ्यांत दुसरं काय लिवत व्हता तुमी? समद्या वाचून घेतल्यात म्या." मग तिनं पायाखाली बघितलं. "पर हालत न्हाई ही."

"लाट लागती तिला."

"मग आना की."

नरसिंग खाली बसला. फळीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू डोलवायला लागला. चांगुणा "अगं आई गं!" म्हणून ओरडली, त्याचे केस मुठीत धरले, पण खाली उतरली नाही.