गाडी झाली की

लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा आमचं ठरलं होतं: पाच वर्षं राहायचं आणि परत जायचं. पाच वर्षं झाली. आता एकदा बसून काय ते ठरवू या, असं मी म्हणायला लागले, आणि त्याच महिन्यात नवऱ्याने गॅरेजमध्ये गाडी आणून ठेवली.

गाडी कसली, सांगाडा. पन्नासच्या दशकातली दोन दारांची कूपे. कुठल्याशा शेतावरच्या गोठ्यात पडून होती आणि कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला होता. इंजिन नव्हतं, काचा नव्हत्या, मागच्या सीटमध्ये पिसं होती. नवरा पुण्याचा, सनीव्हेलला चिपच्या कंपनीत इंजिनिअर. आयुष्यात कधी सायकलचं पंक्चर स्वतः काढलं नव्हतं त्याने. इथे विद्यार्थी असताना एका रविवारी कुणीतरी त्याला ड्रॅग रेस बघायला नेलं, तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलेलं. ही रेस म्हणजे काय असते, असं मी विचारलं. तर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात आणि पाव मैल सरळ जातात.

"मग?"

"मग काही नाही. थांबतात."

एवढ्यासाठी! त्यात एक वळणसुद्धा नाही!

"ही झाली की ठरवू," तो म्हणाला. "एकदा पळवली ना, की मन मोकळं होईल. मग जाऊ नाहीतर राहू. प्रॉमिस."

मी हो म्हटलं. मला वाटलं, वर्षभराचं काम असेल.

त्या गाडीने आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला ब्रेक लावला. तिचे स्वतःचे ब्रेक मात्र बसवायचे राहिले होते. सोफा घ्यायचा? गाडी झाली की बघू, परत जायचं असेल तर उगाच कशाला. मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावू? त्याला फळ धरायला वर्षं लागतात, आपण असू का नसू. मला कॉलेजमध्ये अकाउंटिंगचा कोर्स करायचा होता. दोन वर्षांचा आहे गं, मध्येच सोडावा लागला तर? नागपूरहून आईचा फोन यायचा, खरखरीतून ती एकच विचारायची, "कधी येताय?" आणि मी म्हणायचे, बघू, पुढच्या दिवाळीपर्यंत ठरेल. दिवाळ्या येत होत्या आणि जात होत्या. आमचं घोंगडं भिजतच होतं.

मी जात्याच उतावळी. बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघणारी. मला एक वेळ जा म्हटलेलं चालेल, राहा म्हटलेलं चालेल, पण हे तळ्यात की मळ्यात मला मानवत नाही. रात्री झोप लागायची नाही, दिवसा एका जागी बसवायचं नाही. घरातल्या घरात चालत राहायचे. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांकडे बघायचे आणि वाटायचं, यांना किती बरं, यांचं ठरलेलं आहे.

शेवटी मीच हात घातला. ही गाडी झाल्याशिवाय हा माणूस बोलणार नाही ना, मग करू या हिला. तो ऑफिसला गेला की मी साडीचा पदर खोचून, पुढेपुढे त्याची जुनी पँट चढवून गॅरेजमध्ये जायचे. मॅन्युअल वाचली, भंगार गाड्यांचे जंक यार्ड पालथे घातले. व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम तर मला मनापासून आवडायला लागलं. पाट्यावर वाटण वाटताना जसा हात आपोआप फिरतो आणि मसाला कधी बारीक झाला ते हातालाच कळतं, तसंच ते होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बायका माझ्या नखांकडे बघायच्या. बघू देत.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. काम संपत आलं की तो काहीतरी उघडायचा. वायरिंग पूर्ण झालं, तर म्हणाला तारांची रंगसंगती चुकली आहे, सगळं काढलं. रंग दिला, तर उजेडात लाटा दिसतात म्हणून पुन्हा घासला. मी सकाळी बसवायचे, तो संध्याकाळी सोडवायचा. एकदा मी ओरडलेच, "अरे, तुला ही व्हायला हवी आहे का नको आहे?"

"परफेक्ट व्हायला हवी आहे," तो म्हणाला, आणि पान्याकडे बघत राहिला.

मग एके दिवशी बातमी आली की फ्रीमाँटजवळची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे या रेसचा तो सरळ रस्ता, बंद होणार. जमिनीला सोन्याचा भाव आला होता. हौशी लोकांच्या घरगुती गाड्यांसाठी आता सीझनचा शेवटचा एकच रविवार उरला होता. नवरा म्हणाला, सॅक्रामेंटोला पण आहे एक स्ट्रिप, पुढच्या वर्षी तिकडे नेऊ. मी म्हटलं, पुढचं वर्ष हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. हाच रविवार.

आणि झाली. खरंच झाली. इंजिन बसलं, ब्रेक लागले. काळ्या रंगात माझा चेहरा दिसत होता. फक्त पेट्रोल घालून सुरू करायची बाकी होती. आता वाहन म्हटलं की पूजा आलीच. त्या रविवारच्या आठ दिवस आधी, शनिवारी सकाळी मंडळातली आमची ओळखीची सगळी माणसं ड्राइव्हवेवर जमली. आमच्यात एक काका होते, आठवडाभर टेलिफोन कंपनीत इंजिनिअर आणि शनिवार-रविवारी भटजी. सत्यनारायण, मुंज, वास्तुशांत, सगळं तेच करायचे. दिवा लावायचा म्हणून टाकीत पेट्रोल घातलं नव्हतं, तेवढी अक्कल मी शाबूत ठेवली होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. बॉनेट काढून ठेवलं होतं, कारण नवऱ्याला कार्ब्युरेटर दाखवायचा होता. त्यावरचं झाकणही त्याने काढलं होतं. चार भोकं आ वासून आकाशाकडे बघत होती.

पूजा आटोपत आली तेव्हा एका काकूंना लहर आली. "अगं, इतकी वर्षं नांदतेय घरात, ही तुझी सवतच की! लग्नच लावून टाका यांचं!" झालं. दोघांनी बीच टॉवेल धरला, नवरा आणि गाडी यांच्यामध्ये अंतरपाट. काकांना चेव आला, त्यांनी खड्या आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. काकूंनी अक्षतांची परात फिरवली, सगळ्यांच्या मुठी भरल्या. आणि "सावधान" म्हटल्यावर हात थांबतील तर तो मराठी माणूस कसला! कुंकवाने लाल झालेल्या अक्षतांचा नुसता पाऊस पडला. पोट धरून हसत होते सगळे. मीही हसत होते. मग कुणीतरी म्हणालं, नवरदेवाचा आत बसून फोटो काढा. तो आत बसला आणि फोटोसाठी ऐटीत ॲक्सिलरेटर दाबला.

ॲक्सिलरेटर दाबला की त्या चार भोकांतल्या झडपा उघडतात. त्यांच्यावर साठलेल्या सगळ्या अक्षता एका क्षणात इंजिनाच्या पोटात गेल्या. मी धावले तेव्हा आत बघायला काही उरलं नव्हतं, कडेला दोन-चार दाणे चिकटलेले होते.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. नवरा गाडीतून उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पूर्ण इंजिन खोलायला लागेल. या सीझनला काही जमत नाही आता."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. परीक्षा पुढे ढकलल्याचं कळल्यावर मुलाचा चेहरा होतो, तसा झाला होता त्याचा. इतकं काम मातीत गेल्यावर माणूस असा दिसत नाही. मला जो संताप आला, तो मी अजून विसरलेले नाही.

"गप्प बस," मी सगळ्यांसमोर म्हणाले. चारचौघांत मी त्याला अहोजाहो करायचे, ते कुठल्या कुठे गेलं. "कुणी इंजिन फिरवायचं नाही. मला पाना द्या."

पाहुणे आत श्रीखंड-पुरी जेवत होते आणि मी पैठणी नेसून इंजिनमध्ये डोकं घालून उभी होते. कार्ब्युरेटर काढला. त्याच्या खालचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आणि पेट्रोल सिलिंडरपर्यंत नेणारा तो ओतीव तुकडा, तोही उचलला. आत गुलाबी तांदूळ पसरले होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि ओढायला सुरुवात केली. काही दाणे उघड्या व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरमध्ये गेले असणार, म्हणून स्पार्क प्लग काढले आणि फिश टँकची बारीक नळी व्हॅक्यूमच्या तोंडाला टेपने चिकटवून प्रत्येक सिलिंडरमध्ये फिरवली. भटजी काका टॉर्च धरून उभे होते, बिचारे ओशाळले होते. जेवून आलेला प्रत्येक जण इंजिनिअर, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा माझ्या हातात पाने देत होता.

सांध्यांत बसवायच्या नव्या गॅस्केट आणून पुन्हा सगळं बसवलं आणि आठवड्याच्या मध्यात पेट्रोल घालून किल्ली फिरवली. दोनदा खोकली आणि मग अशी गरजली की शेजारचं कुत्रं कुंपणाखालून पळून गेलं. मी उड्या मारल्या. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. नवरा कान लावून उभा होता.

"आवाज जरा वेगळा येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे," मी म्हटलं.

रविवारी त्याच्या ऑफिसमधल्या एका मित्राने ट्रेलरवरून गाडी स्ट्रिपवर नेली. खाडीवरून वारा सुटला होता, रबराचा जळका वास, हॉट डॉगचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज. मी कुंपणाला धरून उभी होते. तो हेल्मेट घालून रांगेत पुढे पुढे सरकत होता आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. मनात म्हणत होते, जा एकदाचा. दिवा हिरवा झाला. काळी गाडी नाक उचलून सुटली, शेजारची गाडी तिच्यापुढे निघून गेली, आणि संपलं. हरला. मला त्याचं काहीच नव्हतं. पळवली होती ना!

परतीच्या रस्त्यावर एक खिडकी होती, तिथे वेळेची चिठ्ठी मिळायची. मी चालत तिथवर गेले. तो चिठ्ठी हातात घेऊन गाडीशेजारी उभा होता, डोळे ओले होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"भारी गं. शब्दच नाहीत." मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "थोडी डावीकडे ओढते पण. मागचा ॲक्सल एकदा उघडून बघितला ना..."

"नाही," मी म्हणाले. "झाली. गाडी झाली आता. बोल."

तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न दिला. खिडकीतल्या माणसाने हात हलवून पुढे जायला सांगितलं. नवरा आत बसून किल्ली फिरवत राहिला, पण इंजिन इतकं तापलं होतं की घेईना. ढकलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो दारापाशी उभा राहून एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलायला लागला, मी मागून. मला फक्त त्याची पाठ दिसत होती, आणि त्याला मी दिसतच नव्हते. म्हणूनच जमलं असावं त्याला.

"मला परत नाही जायचं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लग्नाच्या आधीपासून. तुझे बाबा नाही म्हणतील म्हणून पाच वर्षं म्हटलं होतं."

मी ढकलत राहिले. आणि मग जी सुटले! आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने भांडले नसेन. नागपुरी बोलीतल्या लहानपणी ऐकलेल्या सगळ्या शिव्या आठवल्या. कुंपणापलीकडच्या अमेरिकन लोकांना वाटलं, ही बाई नवऱ्याला जोर यावा म्हणून आरोळ्या ठोकते आहे. ते टाळ्या वाजवायला लागले, एक जण ओरडला, "गो, लेडी, गो!"

"मला नव्हता राग येणार," मी ओरडत होते. "नाही जायचं म्हणाला असतास तर रडले असते चार दिवस आणि उठले असते. पण परत गेलो नाही ते नाहीच, आणि आपण राहिलोसुद्धा नाही रे! राहायचंच होतं तर राहिलो का नाही?"

तो ढकलायचा थांबला. गाडीही थांबली. मागचा हॉर्न वाजवत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी डिकीवर डोकं टेकून रडत होते. परत जाता येणार नाही म्हणून ते रडू नव्हतं. इतकी वर्षं मी दाराशी पायात चपला घालून उभी राहिले होते, त्याचं होतं.