अक्काची चढण

माझी थोरली बहीण अक्का दम्याची होती. आमचं माहेर लोणी भापकर. तिला निमगाव केतकीला पेरूच्या बागा असलेल्या घरात दिली होती. एका सकाळी तिचा नवरा बागेला पाणी द्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. पाणी भरून वाहत होतं, खोरं बांधावर पडलं होतं, माणूस नव्हता. भावजी कधी कुणाशी भांडले नव्हते, म्हणून ते का गेले हे कुणालाच सांगता येईना.

काही वर्षं वाट पाहिली. मग धाकट्या दिराचं लग्न जुळेना. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "थोरले कुठं हायेत?" शेवटी सासऱ्यांनी ठरवलं, दिवाळी झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं-तेरावं उरकायचं. म्हणजे अक्कानं मंगळसूत्र उतरवायचं.

त्याच श्रावणात ती अंथुर्ण्याला मामाकडे गेली होती. तिच्या हातात बांगड्या भरता भरता निमगावलाही फिरणारा कासार म्हणाला, "तुमचं मालक मी बघितल्यात. कळसूबाईच्या डोंगरावर, गेल्या नवरात्राच्या जत्रंला. देवीच्या ठाण्याशी पाणी वाहत हुते. हाक मारली तर मान फिरवली."

अक्का तिथून थेट लोणीला आली. मी तेव्हा बारामतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी घरी यायचे. ती मला म्हणाली, "तू चल माज्यासंगं. मोटारी बदलायच्या म्हंजी वाचता येणारं कुणीतरी पायजे."

आमचे वडील, आबा, म्हणाले, "तू कशाला? मी जाऊन घेऊन येतो."

"तुमाला ते न्हाय म्हणतील. न्हाय म्हणायचंच आसंल तर माज्या तोंडावर म्हणू दे."

पावसात तो डोंगर चढता येत नाही. जत्रेचे लोक ओल्यातही चढतात, पण दम्याच्या बाईला कातळ वाळलेला हवा; तो दसरा झाल्यावर वाळणार आणि दिवाळीनंतर इकडे पुतळा जळणार. मधल्या दिवसांतच जायला हवं होतं. कासारानं सांगितलं होतं की निम्म्या वाटेनंतर उभा कडा लागतो, तिथं साखळी धरून चढायचं. आमच्याकडे तर नजर जाईल तिकडे सपाट रान. अक्काला घरचा माळा चढतानाही मध्ये थांबावं लागायचं.

गावात पायऱ्या होत्या त्या जुन्या बारवेच्या. अक्का रोज पहाटे तिथं जाऊ लागली. खाली उतरायची, कळशी भरायची, वर यायची, पाणी झाडाला ओतायची आणि पुन्हा उतरायची. पहिल्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवर बसली. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. पाणवठ्यावरच्या बायका आधी हसल्या. कारण कळल्यावर तिला वाट करून देऊ लागल्या, पण तिच्या कपाळाकडे बघायचं टाळू लागल्या.

मी तिला बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हिला डोंगर दाखवूसुद्धा नका." परतीच्या मोटारीत अक्कानं गोळ्यांची पुडी पदराला बांधली.

चांभाराकडून तिनं टायरच्या तळाच्या वहाणा करून घेतल्या, मागून पट्टा असलेल्या. साखळीची सवय व्हावी म्हणून आबांनी मोटेचा जाड दोर, नाडा, आणला. बारवेची एक बाजू ढासळून कड्यासारखी उभी झाली होती. तिथं वरून नाडा सोडून आबा पाय रोवून उभे राहायचे आणि अक्का कासोटा आवळून, नाडा धरून वर यायची. तिचे तळहात सोलून निघाले. हळद-तेल लावून चिंध्या बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाडा धरायची.

दसऱ्याच्या तोंडावर ती मध्येच लोंबकळली. ओठ काळेनिळे पडले होते, डोळे वर गेले होते. आबांनी आणि मी तिला कशीबशी वर ओढली. बऱ्याच वेळानं तिचा श्वास ठिकाणावर आला.

आबा रडत होते. "बास झालं, पोरी. तितं मरशील तू."

"मरू दे की," अक्का म्हणाली. "सवाष्ण म्हणून तरी जाळाल मला."

त्यानंतर आबांनी तिला अडवलं नाही. भाकरी, शेंगांची चटणी, गुळाचा खडा आणि घोंगडं बांधून त्यांनी स्वतः आम्हाला मोटारीत बसवलं.

आम्ही चढलो. कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चार पावलं चालायची, दगडाला टेकायचं, पुन्हा चार पावलं. साखळीपाशी डोंगरातला एक म्हातारा कोळी पुढं झाला आणि मी मागून तिला रेटत राहिले. माथ्यावर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. देवळाच्या आडोशाला भावजी लाकडं फोडत बसले होते. दाढी वाढली होती, पण तेच होते.

त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. "तू हितवर आलीस?"

"घरी चला म्हणत न्हाय मी," अक्का धापा टाकत म्हणाली. "एकदा येऊन तुमच्या बापाला दिसा. मग कुठं बी जावा."

त्यांनी फोडलेली लाकडं एका जागी सारली. मग म्हणाले, "मी मेलो आसं सांग जा."

"का? माजं काय चुकलं?"

"तुजं काय न्हाय. माज्यानं हुत न्हाय."

एवढंच. त्यांनी तिला प्यायला पाणी दिलं. ती ते प्यायली आणि उठली. उतरताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तिनं निमगावला जाऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दम्यानं तुला भास झाला आसंल." मी साक्षीला उभी होते, माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दिवाळीनंतर पुतळा जाळला. मंगळसूत्र उतरवण्यासाठी अक्काला न्यायला निमगावहून माणूस आला, तेव्हा आबा दारात उभे राहिले. "माज्या पोरीनं नवरा जिता बघितलाय," ते म्हणाले. "तुमी कुणाला जाळलं ते तुमचं तुमी बघा."

अक्का लोणीतच राहिली. आबांबरोबर कांदा-वांगी करायची, बाजारादिवशी माल घेऊन बारामतीला यायची तेव्हा माझ्या खोलीवर जेवायची. सणाला सवाष्ण म्हणून तिला कुणी बोलवत नसे. एकदा मी विचारलं, जाऊन आलीस त्याचा काय उपयोग झाला? ती वांगी निवडत होती. म्हणाली, "आता झोप लागती मला."