झहीरभायची उलटी चप्पल

कर्जतच्या बाजारात चपलांची दुकानं पाच, पण चप्पल परत करायला लोक येतात ते झहीरभायकडेच. ह्यात त्याचा चांगुलपणा किती आणि लोकांचा निर्लज्जपणा किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दुकानाच्या पाटीवर त्याच्या वडिलांनी रंगवून घेतलेलं वाक्य अजून आहे, 'सहा महिन्यांत तळ गेला तर जोड बदलून'. वडील श्रीवर्धनकडून इथे आले तेव्हा त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, म्हणून त्यांनी असा शब्द दिला. शब्द देऊन ते अल्लाला प्यारे झाले आणि निस्तरायला झहीर मागे राहिला.

आणि काय काय म्हणून परत यावं. लग्नात नाचून झालेली मोजडी, आत अक्षता तशाच. कुत्र्यानं पट्टा खाल्लेली सँडल, वर "आमचा कुत्रा कधी कशाला तोंड लावत नाय, तुमच्याच चामड्यात कायतरी असणार" हे ऐकवणं. एक गृहस्थ तर जोडातली एकच चप्पल घेऊन आले. दुसरी देवळाबाहेरून चोरीला गेली होती, आणि चोराला मोह पडेल अशी चप्पल विकलीच का, असा त्यांचा सवाल होता. माझ्यासारख्यानं तीच चप्पल हातात घेतली असती. झहीरभाय मात्र चिडत नाही. तो चप्पल घेतो, काउंटरखाली नेतो आणि उलटी करून बघतो.

काउंटरखाली अशासाठी, की चप्पल उलटी दिसली की घरात भांडण होतं म्हणतात. दुकानावर नवा बसला तेव्हा त्यानं एकदा वरच चप्पल उलटी केली, तर समोरच्या तिघी बायकांचे हात एकदम ती सुलटी करायला पुढे आले. तेव्हापासून खालीच. पण पुढे पुढे खरं कारण वेगळंच झालं. तीस वर्षं तळ बघून बघून त्याला तळ वाचता यायला लागला होता. पोशीरकडच्या भातखाचरांची चिकण माती नक्षीत बसली की वाळली तरी निघत नाही. खोपोलीच्या वर्कशॉपात जाणाऱ्याच्या टाचेला तेलाचा काळा डाग. चौक गावावरून रसायनीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, तिकडे चालणाऱ्याच्या तळाला डांबर आणि त्यात रुतलेली बारीक खडी. "फक्त देवळापर्यंत घातली हो" म्हणणाऱ्याची चप्पल अख्खा घाट उतरून आलेली असायची. झहीरभाय एवढंच म्हणायचा, "घातलीये बरीच." जागेचं नाव त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. माणसाचे पाय कुठे जातात ते त्याच्या चपलेला ठाऊक असलं तर असू दे, शेजाऱ्याला कशाला?

एवढा शहाणा माणूस, पण चुकला.

त्याची मुलगी इक्रा दुकानाचं मोबाइलवरचं पान सांभाळायची. लोक घरबसल्या चपला मागवायला लागले, गिऱ्हाईक रोडावलं, तेव्हा तिनं अनुपमला आणलं. अनुपम म्हणजे गोपाळकृष्ण मास्तरांचा नातू, दुकानांच्या जाहिराती मोबाइलवर टाकायचा धंदा करतो. तो म्हणाला, "काका, कोण कुठे फिरतंय ते फोनला कळतं. गाण्यांचं अ‍ॅप, हवामानाचं अ‍ॅप, सगळी लोकेशन मागतात आणि लोक न वाचता 'हो' दाबतात. मग ती माहिती जाहिरातवाल्यांना विकली जाते. जो रोज पायपीट करतो, नेमकी त्यालाच तुमची जाहिरात दाखवता येईल."

"नाव कळतं का त्याचं?" झहीरभायनं विचारलं.

"नाव नाही. नुसता फोन."

हे झहीरभायला फार आवडलं. मी तळ वाचतो, हा फोन वाचतो, फरक तो काय, असं त्याला वाटलं. हौसेहौसेनं मजकूरही त्यानंच सांगितला, 'रोज रसायनीची वाट तुडवताय? मग तळही तसाच हवा.' इक्रा म्हणाली, "अब्बा, असं थेट गावाचं नाव नको ना." तर हा म्हणतो, "अगं, नाव घेतल्याशिवाय माणसाला आपलं वाटत नाही." पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

इक्रानं नको म्हटलं त्याला कारण होतं. तिची कॉलेजातली मैत्रीण रुचिता, पोशीरला दिलेली, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. तिला रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं होतं आणि ते नीट पार पडलं की नोकरी कायम. घरी तिनं सांगितलं होतं, कर्जतला शिवणक्लासला जाते. नवरा सहदेव टेंपो चालवायचा. माणूस वाईट नाही, पण कारखान्याचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. दोनदा नोकरी मागायला गेला होता आणि दोन्ही वेळा दहावी नापास म्हणून गेटवरूनच परत पाठवला होता. ज्या गेटातून आपण परत आलो त्या गेटातून बायको आत जाते हे कळलं, तर तो तिला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवणार हे रुचिता ओळखून होती. एकदा नोकरीचा कागद हातात पडू दे, मग सांगेन, असं तिचं चाललं होतं. हे सगळं इक्रानं अब्बांना सांगितलं होतं आणि कुठे बोलू नका म्हणून बजावलंही होतं. रसायनीच्या चालीसाठी भक्कम चप्पल रुचितानं घेतली ती झहीरभायकडूनच.

प्रशिक्षणाचे शेवटचे तीन आठवडे राहिले होते. शनिवारी सकाळी दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं असताना रुचिताची सासू चंद्राबाई आली आणि तिनं पिशवीतून तीच चप्पल काढून काउंटरवर आपटली. मागे रुचिता, चेहरा पांढराफटक.

"भाय, पाच म्हयन्यांत तळ गेला. पाटीवर काय लिवलंय तुमच्या? पोर आमची शिवणक्लासला जाते नि घरी येते, टेशनापासून दहा पावलं. दहा पावलांत तळ जातो व्हय?"

चंद्राबाई म्हणजे परत करण्यात पटाईत बाई. आजवर तिनं ह्या दुकानात चार जोड परत केले होते, त्यातला एक तर दुसऱ्याच दुकानातला. झहीरभायनं चप्पल काउंटरखाली नेली आणि उलटी केली. टाचेची बाहेरची कड पार गेलेली, म्हणजे बस पकडायला धावणारी चाल. डांबर, डांबरात खडी. कोणीतरी ते सुरीनं खरवडायचा प्रयत्न केलेला, पण नक्षीतलं राहिलं होतं. ह्या तळानं पाच महिने रोज रसायनी केली होती आणि तरी भोक पडलं नव्हतं. असला माल आपण विकतो ह्याचा त्याला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. 'घातलीये बरीच' हे नेहमीचं वाक्य ओठांवर आलंच होतं.

तेवढ्यात टेंपो लावून सहदेव आत आला. हातात रुचिताचा फोन.

"झहीरभाय, ही जायरात तुमचीच ना? हिच्या फोनवर दिवसातनं चारदा येते. रसायनीची वाट तुडवताय. माझ्या फोनवर येत नाय, आईच्या येत नाय. हिच्याच का येते? आमच्या घरातलं कोण जातं रसायनीला?"

सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रुचितानं काउंटरची कड धरली होती. झहीरभायनं फोनकडे बघितलं. स्वतःचेच शब्द, स्वतःच्याच दुकानाचं नाव, आणि एका पोरीचं सगळं भवितव्य त्यावर टांगलेलं. आता 'घातलीये बरीच' म्हणावं तर सहदेव विचारणार, बरीच म्हणजे कुठे? तीस वर्षांत त्यानं मालाबद्दल एक खोटा शब्द काढला नव्हता. त्यानं हातातल्या चपलेचं डांबर अंगठ्यानं झाकलं.

"सहदेव," तो म्हणाला, "ती जाहिरात अर्धवट डोक्याची आहे. मशीन ठरवतं कोणाला दाखवायची ते, माझं काही चालत नाही त्यात. मी ती आजच बंद करतोय. आणि चंद्राबाई, तुमचं बरोबर आहे. तळ खराबच निघाला. माझाच माल खोटा."

चारचौघांत बोलला हे. गल्ल्यावर बसलेल्या इक्रानं चमकून बापाकडे बघितलं. सहदेव दोन क्षण घोटाळला, मग म्हणाला, "मग बदलून द्या की," आणि टेंपोकडे गेला. झहीरभायनं दुकानातला सगळ्यात भक्कम जोड काढून दिला. रुचिताचे डोळे भरून आले होते. चंद्राबाईनं मात्र नवा जोड दोनदा वाकवून बघितला आणि 'ह्यो तरी टिकंल का' म्हणत गेली.

त्याच दुपारी अनुपमला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "काका, सगळेच करतात हे."

"करू देत. मीही बघतो लोक कुठे जातात ते, पण मी ते काउंटरखाली बघतो. आपण ते एका पोरीच्या घरात नेऊन उलटं ठेवलं. मजकूर मी सांगितला होता, म्हणून तुला शिव्या देत नाही. पण बंद कर." इक्रानं मग रुचिताला फोन करून त्यातलं लोकेशन कसं बंद करायचं तेही समजावलं.

झहीरभायचा माल खोटा निघाला, ही बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. आठ दिवसांत अकरा जोड परत आले. एकाचा तर तळ चांगला होता, फक्त रंग बायकोला आवडत नव्हता. झहीरभायनं सगळे घेतले. पण बापाची पाटी आपण आपल्या तोंडानं खोटी पाडली ह्याचं त्याला वाईट वाटायचं, आणि रात्री जेवताना इक्रानं ताटात माशाची तुकडी वाढली तरी तो नुसता चिवडत बसायचा.

दिवाळीच्या आधी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती, त्या गर्दीत चंद्राबाई पुन्हा उगवली. संगे रुचिता आणि सहदेव. चंद्राबाईनं पिशवीतून त्यानंच बदलून दिलेला, आता झिजलेला जोड काढला. झहीरभायचा हात सवयीनं पुढे आला, घेऊन काउंटरखाली न्यायला.

"थांबा," चंद्राबाई म्हणाली. तिनं त्यातली एक चप्पल सगळ्यांसमोर काउंटरवर उलटी ठेवली. तळ पार गुळगुळीत, कडेला डांबर. सहदेवचा हात ती सुलटी करायला आपसूक पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे रं. बघू दे लोकांना. माझ्या सुनंची चप्पल हाय. रसायनीला जाते ती, लॅबमधी. कायम केली तिला."

सहदेव लाजून हसला. कागद आल्यावर रुचितानं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी टेंपो घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, बस, चौकपर्यंत सोडतो. तो झहीरभायला म्हणाला, "तवा कळलं असतं ना भाय, तर मी तिला बसवली असती घरी. खोटं नाय सांगत."

"आणि त्या दिवशीचा तळ पण खराब नव्हता," चंद्राबाई गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पाच म्हयने रोज रसायनी करून भोक नाय पडलं त्याला. ह्या माणसाचा माल सोन्यासारखा हाय."

झहीरभाय बघतच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"भातात जल्म गेला माझा. शिवणक्लासला जाणाऱ्या पोरीच्या चपलेला डांबर लागतं व्हय? खरवडलं कोणी वाटलं तुमाला? सुरी माझी होती. पोरीचे पाय दुखत होते, नवी घे म्हटलं तर ह्यो विचारणार कशाला. म्हणून आणली परत. पण तुमी तळ बघत होता नि ह्यो फोन घेऊन आत आला, तवा माझा जीव गेला होता." तिनं रुचिताकडे बघितलं. "हिला पण आता कळतंय, मला ठाऊक होतं ते."

रुचिता सासूकडे बघत उभी राहिली. मग तिनं सगळ्यांदेखत चंद्राबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि ती बाई "सरक गं, लोक बघतात" म्हणाली पण सरकली मात्र नाही.

"मग हा जोड परत घेऊ ना?" झहीरभायनं विचारलं.

"परत कशाला? झिजलाय तो. नवी दावा, ह्याच मापाची. इकत घ्यायची हाय."

झहीरभाय खोकं काढायला वळला ते त्याला तोंड लपवायचं होतं म्हणून. बरोब्बर मापाचं खोकं सापडायला त्याला बराच वेळ लागला. ती उलटी चप्पल संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत तशीच काउंटरवर होती, आणि दिवसभरात तिला कोणी सुलटं केलं नाही.